तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी

२३ जून २०२४

मे महिन्यात देवबागला चौथ्या रात्री गाडीतला फ्रिज बंद पडला. पहाटे तीनच्या सुमाराला कंप्रेसरची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच जाग आली. मीटरवर ११.१ व्होल्ट. पंखे बंद केले, दिवे बंद केले, तरी तो परत सुरू झाला नाही. आदल्या संध्याकाळी मालवणच्या लिलावात घेतलेली सुरमई सकाळी सातला शेजारच्या काकूंकडे दिली आणि त्यांच्याच चुलीवर सगळ्यांनी मिळून खाल्ली. मासा सत्कारणी लागला. फ्रिज का बंद पडला, हा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात आहे.

आमची गाडी म्हणजे जुनी तेरा सीटर, आतून घर केलेली. सीटखाली १५० एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालाव्या लागणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडलेल्या, २०२१ मध्ये घेतलेल्या. छतावर १६५ वॅटची दोन पॅनेलं. परतल्यापासून मी सगळ्यांना सांगत होतो की बॅटऱ्या कमी पडतात, तिसरी घ्यायला हवी. आज दुकानात निघालो होतो. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी बघितलंस काय?”

बघितलं नव्हतं. दिवाळीपासून नाही.

अण्णांची ३१ वर्षं एसटीच्या डेपोत वर्कशॉपला गेली. दुकानात जाणं रद्द केलं. ही वही आजपासून.

२४ जून

दोन्ही बॅटऱ्या काल रात्रीच एकमेकींपासून सोडवल्या होत्या. पॅरलल असताना व्होल्टेज मोजून काही कळत नाही, दोघी एकच आकडा दाखवतात. रात्रभर निवांत ठेवून सकाळचे आकडे: पहिली १२.२, दुसरी १२.१.

मला वाटलं होतं, बारा व्होल्टची बॅटरी बाराच्या वर आहे म्हणजे बरी आहे. अण्णांनी पाटीवर हिशेब मांडून दाखवला. आपल्या ट्यूब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी (आतलं अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड तो आकडा) पूर्ण भरल्यावर १.२४०, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बाराशे चाळीस. त्यात साधारण ०.८४ मिळवले की एका सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या एका कप्प्याचं, व्होल्टेज येतं. सहा सेलांचं झालं साडेबारा. म्हणजे साडेबाराला पोट भरलेलं आणि १२.२ ला अर्धं रिकामं. हा सगळा खेळ दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यात आहे, आणि गाडीतलं ते लाल आकड्यांचं मीटर ०.२ ने चुकतं हेही आज कळलं.

मग हायड्रोमीटर, ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी. रबरी फुगा दाबायचा, नळी बुचातून आत, फुगा सोडायचा. अ‍ॅसिड काचेत चढतं आणि आतला तरंगणारा तुकडा वर येतो. डोळा त्याच्या पातळीला आणून वाचायचं आणि ज्या सेलमधून काढलं त्याच सेलमध्ये परत सोडायचं. पहिल्या बॅटरीचे सहाही सेल ११९० च्या आसपास. दुसरीचे चार सेल ११८५. तिसऱ्या आणि चौथ्या सेलमधून काही वर आलंच नाही, नळी नुसती हवा ओढत राहिली. टॉर्च लावून आत बघितलं. प्लेटांचं वरचं टोक उघडं पडलं होतं, करडं, कोरडं, कडेला पांढरट. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. बोलले काही नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

पाणी प्लेटा बुडतील एवढंच घातलं. चार्ज होताना पातळी चढते, आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बुचातून बाहेर येतं. उरलेलं पाणी चार्जिंग झाल्यावर. पाणी बॅटरीचंच, म्हणजे डिस्टिल्ड. नळाचं किंवा फिल्टरचं चालत नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. अ‍ॅसिडही वरून घालायचं नसतं. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

३० जून

गॅरेजमधून १५ अँपिअरचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर आणला. वर सुईचा अँपिअर मीटर, करंट हाताने कमी-जास्त करायचा. दीडशे एएचला पंधरा अँपिअर म्हणजे दहावा हिस्सा, बॅटरीला सोसेल आणि पोचेल असा.

पहिली बॅटरी सकाळी ९ ला लावली. दुपारी २ ला १४.४ व्होल्ट झाले. मी चार्जर काढायला गेलो तर अण्णा म्हणाले, “ग्रॅव्हिटी घे आधी.” घेतली: १२१५. म्हणजे व्होल्टेज पूर्ण, बॅटरी अपुरी. व्होल्टेज १४.४ लाच धरून ठेवलं. करंट आपोआप उतरत गेला: ३ वाजता ९ अँपिअर, साडेचारला ६, संध्याकाळी साडेसहाला साडेतीन. तेव्हा ग्रॅव्हिटी १२३५.

हे दोन आकडे मी पेनाने गोल करून ठेवलेत. पाच तासांत बॅटरीने बहुतेक खाल्लं, आणि शेवटचे चार घास खायला आणखी साडेचार तास घेतले. शेवटच्या भागात ती कितीही करंट दिला तरी हळूच घेते, जबरदस्ती केली तर नुसते बुडबुडे सोडते. आता छतावरच्या पॅनेलांचं बघा. तीही दुपारी दोनच्या सुमाराला १४ च्या पुढे पोचायची आणि मी खूश व्हायचो. पण दोननंतर ऊन उतरायला लागतं. ते शेवटचे साडेचार तास माझ्या बॅटऱ्यांना तीन वर्षांत फार क्वचित मिळाले असणार.

अर्धवट राहिलेल्या भागात प्लेटांवर शिशाचं सल्फेट तसंच बसून राहतं. ताजं असताना ते मऊ असतं, चार्ज केलं की विरघळतं. आठवडे गेले की त्याचे खडे होतात, मग ते सुटत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग मेलेला. फ्रिज त्या पहाटे बंद पडला, पण बॅटरी त्याच्या कितीतरी आधीपासून आक्रसत चालली होती.

दुसरी बॅटरी उद्या.

७ जुलै

दुसऱ्या बॅटरीचे पाच सेल १२२० वर आले, चौथा ११५० वर अडकला. हाच तो कोरडा पडलेला. तिसरा वाचला याचंच नवल.

आज दोन्हींना एकेक करून इक्वलायझेशन दिलं. म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज, आम्ही साडेपंधरा धरलं, आणि करंट ७ अँपिअरवर बांधलेला. त्याने सगळे सेल खदखदतात, खाली बसलेलं जड अ‍ॅसिड ढवळून वर येतं आणि मागे राहिलेल्या सेलना पुढच्यांच्या बरोबर यायला वेळ मिळतो. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला करायचं. सीलबंद किंवा जेलच्या बॅटरीला केलं तर ती बाद होते, आणि लिथियमला तर नाहीच नाही.

बॅटऱ्या गाडीतून बाहेर काढून शेडच्या उघड्या बाजूला ठेवल्या. बुचं नुसती वर टेकवलेली. निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, म्हणून आईला सांगून आज तुळशीपुढची अगरबत्ती पुढच्या दारी लावली. डोळ्यांना चष्मा, शेजारी बादलीत खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. अण्णांच्या सगळ्या खाकी पँटना गुडघ्याजवळ बारीक भोकं असायची. ती कशाची, हे आज माझ्या शर्टाला पडलेल्या भोकाने कळलं.

दर अर्ध्या तासाने ग्रॅव्हिटी आणि तापमान. अ‍ॅसिड ५० अंशांवर गेलं तर थांबायचं असं ठरलेलं, पावसाळी हवेत ते ४१ च्या वर गेलं नाही. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की बंद. पहिली बॅटरी सरसकट १२४०. दुसरी १२३५, आणि चौथा सेल १२०५. ११५० वरून १२०५ हे मला खूप वाटलं. अण्णांनी मान हलवली. “लोडवर बघू,” म्हणाले.

१४ जुलै

गाडी २ जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आत सगळं बंद. मग बॅटरी उतरली कशी?

मायनसची वायर काढून मधे मल्टिमीटर अँपिअरवर लावला. ०.१४. एवढासा आकडा. फ्यूज एकेक काढत गेलो. म्युझिक सिस्टिमची मेमरी थोडी खाते, ते लाल मीटर थोडं खातं, आणि सगळ्यात जास्त खातो गॅस गळतीचा अलार्म. ०.१४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साधारण ३.४ एएच. तीन आठवड्यांत सत्तरच्या वर. शिवाय बॅटरी आपली आपणही थोडी उतरते. उन्हात उभ्या गाडीला हे जाणवतही नाही, पण पत्र्याखाली भरून काढणारं कुणी नाही.

मायनसवर मोठा आयसोलेटर, म्हणजे सगळी वीज तोडणारा स्विच बसवला, लाल मुठीचा. गॅसचा अलार्म सिलिंडर गाडीत असेपर्यंत चालूच राहिला पाहिजे, त्यात तडजोड नाही. म्हणून नियम असा केला की गाडी शेडमध्ये गेली की आधी सिलिंडर उतरवायचा, मग मूठ फिरवायची. कागदावर लिहून ड्रायव्हरच्या दारावर चिकटवलंय. आणि महिन्यातून एकदा चार्जर.

२५ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. गाडी उंचावर आहे, बॅटऱ्या घरात आणल्या. काम बंद. बसल्या बसल्या मे महिन्याच्या सहलीचा हिशेब केला.

फ्रिज ४५ वॅटचा, त्या उकाड्यात दिवसातले दहा तास कंप्रेसर चालला असेल: ३७ एएच. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे दोन, २८ वॅटचे, आठ तास: तेवढेच. दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल मिळून वीस. एकूण ९५ च्या आसपास.

पॅनेलं ३३० वॅटची, चांगलं ऊन पाच तासांचं, ऊष्णता-धूळ-वायरींचे तोटे वजा जाता सत्तर टक्के हातात: साधारण ८८ एएच. त्यातही शिशाची बॅटरी जेवढं घेते तेवढं परत देत नाही, पंधराएक टक्के वाटेत जातात. हाती आले ७५. म्हणजे रोज वीस एएचची उधारी, चार रात्रींत ऐंशी. आणि सहल सुरू झाली तीच अर्धपोटी बॅटऱ्यांवर.

या हिशेबात तिसरी बॅटरी घालून बघितली. उधारी वीसच राहिली. फक्त फ्रिज चौथ्याऐवजी कदाचित सहाव्या रात्री बंद पडला असता, आणि दोनऐवजी तीन बॅटऱ्या उपाशी राहिल्या असत्या. हे मला तीन वर्षांत का सुचलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

११ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली, कडक ऊन. छतावर चढलो.

पॅनेलं पुसली. कॅरिअरच्या दांड्याची सावली सकाळी दहापर्यंत एका पॅनेलवर आडवी पडते, चार बोटं रुंद. एवढ्याशा सावलीने त्या पॅनेलचा करंट निम्म्याने पडताना क्लँप मीटरवर डोळ्यांनी बघितला. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकाचा गळा आवळला की सगळी रांग अडते. दांडा कापून टाकला.

पॅनेलापासून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणाऱ्या डबीपर्यंत, ९ मीटर अंतर आणि वायर ४ एमएमची. जाऊन-येऊन १८ मीटर. १७ अँपिअर वाहत असताना पॅनेलपाशी आणि कंट्रोलरपाशी मोजलं: १.३ व्होल्ट वाटेत गायब. वायर हाताला कोमट लागत होती.

पुढचं नीट मांडून ठेवतो, कारण माझ्यासारख्या अनेकांच्या गाड्यांत हेच असणार. माझा कंट्रोलर पीडब्ल्यूएमचा, म्हणजे पॅनेल सरळ बॅटरीला जोडणारा. पॅनेलवर १८ व्होल्ट लिहिलंय, पण ते २५ अंश तापमानाला. कोकणात मे महिन्याच्या दुपारी पॅनेलची काच ६५ अंशांना सहज जाते आणि तेव्हा ते १८ चे १५.३ च्या आसपास उरतात. त्यातून वायरीचे १.३ वजा करा. राहिले १४. म्हणजे बॅटरीला जिथून शेवटचे घास भरवायचे, नेमकं तिथेच पॅनेलचा जोर संपत होता. उन्हाळ्यात ऊन जास्त म्हणून चार्जिंग जास्त, ही माझी समजूत या एका आकड्याने गेली.

याहून साधी चूक खाली सापडली. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार ‘सीलबंद’ निवडलेला होता, १४.१ ला हात आखडता घेणारा. बसवणाऱ्याने तसाच ठेवला आणि मीही तीन वर्षांत बटण दाबून बघितलं नाही. फ्यूजच्या धारकाला पांढरं चढलेलं, तिथे आणखी ०.१५ व्होल्ट जात होते.

१८ ऑगस्ट

एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलचं जादा व्होल्टेज उतरवून त्याचा करंट करणारा, ३० अँपिअरचा, बसवला. पॅनेलं आता सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक: व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा. वायर ६ एमएमची केली, तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आला आणि तोही ३६ मधला. कंट्रोलर ते बॅटरी १६ एमएम, दोन मीटरच्या आत. वायरींच्या टोकांचे लग (जोडणीचे डोळे) हायड्रॉलिक पकडीने दाबून घेतले, हातोडीने नाही. टर्मिनलं गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून वर व्हॅसलिन.

सेटिंग: १४.६ व्होल्ट तीन तास, मग १३.६. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवला, दर अंशाला २४ मिलिव्होल्टची दुरुस्ती. बॅटरीचा कप्पा ३८ अंशांवर गेला की व्होल्टेज आपोआप ०.३ ने उतरतं, नाहीतर उन्हाळ्यात पाणी भराभर उडेल.

सिरीजचा एक तोटा आहे. झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तर दुसऱ्यालाही थोडा फटका बसतो. देवबागला नारळाखाली गाडी लावायची सवय आता सोडावी लागेल. गाडी उन्हात, माणसं सावलीत.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. मखराच्या एलईडी माळा बॅटरीवर घेतल्या, लाईट गेली तरी बाप्पासमोर अंधार नको. आता दहा दिवस वहीला सुट्टी.

२२ सप्टेंबर

लोड टेस्ट. हेडलाईटचे ५५ वॅटचे तीन बल्ब फळीवर ठोकले, पॅरलल जोडले, साधारण १३.८ अँपिअरचा लोड. बॅटरी पूर्ण भरून, रात्रभर निवांत ठेवून सकाळी सुरू. १०.८ ला थांबायचं. ही परीक्षा वारंवार घेऊ नये, बॅटरीला त्रास होतो.

पहिली काल झाली: ८ तास २० मिनिटं, म्हणजे ११५ एएच. तीन वर्षांच्या आणि असे हाल काढलेल्या बॅटरीला हे चांगलं आहे.

दुसरी आज. सहाव्या तासापर्यंत ठीक, मग दहा मिनिटांत ११.५ वरून १०.८. अण्णांनी लगेच चौथ्या सेलमध्ये हायड्रोमीटर घातला. १०७०. बाकीचे ११३० च्या पुढे. बल्ब पिवळे पडले होते, त्यांच्या उजेडात ते आकडा वाचत होते. “हा गेला,” म्हणाले. हिशेबाने ८५ एएच, पण खरी अडचण वेगळी. एक सेल कमजोर असलेली बॅटरी चांगल्या बॅटरीला पॅरलल ठेवली की गाडी उभी असतानाही चांगली तिच्यात रिकामी होत राहते. आजारी बैलाला जू लावून दुसऱ्याचे खांदे सोलण्यासारखं ते.

तिला गाडीतून काढली.

२० ऑक्टोबर

जुनी बॅटरी विक्रेत्याकडे वजनावर दिली. अ‍ॅसिड गटारात ओतून हलकी करून विकणारे असतात. आम्ही भरलेलीच दिली.

तिच्या जागी नवी घ्यायची नाही, हे आज ठरलं. जुनी-नवी जोडी लावली की नवी जुनीच्या वयाला येते. लिथियमचाही विचार झाला. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही, हा गुण माझ्यासारख्यासाठी मोठा. पण तिला शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, आणि पुढच्या वर्षी स्पितीला जायचं मनात आहे. मीटरही बदलावा लागेल, कारण तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं आणि किती उरलं ते त्यावरून कळत नाही. पुढे बघू.

उलट एका बॅटरीचं गणित मला आवडलंय. पॅनेलांकडून चांगल्या उन्हात १९ अँपिअर येतात. तीनशे एएचला ते सहा टक्के होते, दीडशेला बारा-तेरा होतात. शिशाच्या बॅटरीला दहाव्या हिश्शाच्या आसपास करंट लागतो, तो आत्ता कुठे पहिल्यांदा मिळतोय.

चालत्या इंजिनवरून भरण्यासाठी २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. गाडीच्या अल्टरनेटरला वायर सरळ जोडण्याचा सल्ला दोघांनी दिला होता, तो मानला नाही. लांबच्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी पुन्हा अर्धपोटीच राहते.

९ नोव्हेंबर, देवबाग

दुसरा दिवस. गाडी उघड्यावर, सुरूच्या रांगेपासून लांब. पंखा एकच लागतो, फ्रिज ६ अंशांवर. पूर्ण दिवसाचा खर्च साठच्या आत येतोय. सूर्य आता दुपारीही दक्षिणेला कललेला असतो, सपाट पॅनेलांवर तिरपा पडतो, तरी पुरतंय.

आज सकाळी ७ ला १२.२५ होते. साडेअकराला १४.६ ला पोचली. मग करंट उतरायला लागला. मी खुर्ची टाकून कंट्रोलरच्या पडद्याकडे बघत बसलो: बाराला ९, एकला ५, दोनला ३.

पावणेतीनला २ अँपिअर. बुचं काढली. अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक सेल वाचत गेले, मुलगी वहीत लिहीत गेली. बाराशे चाळीस. बाराशे चाळीस. बाराशे अडतीस. बाराशे चाळीस. बाराशे चाळीस. बाराशे चाळीस. तिसऱ्या सेलला अण्णांनी पुन्हा नळी घातली, पुन्हा अडतीसच आले. “राहू दे,” म्हणाले, “उद्या येतील.”

काकूंकडून निरोप आलाय, संध्याकाळी बोंबील आहेत.